गच्चीला चुना, टाळूला काय?

"काका, नमस्कार. मी अकोला जिल्ह्यात जमीन मोजणीच्या कामाला आहे. वय 47. केस चाळिशीच्या आतच गेले. बाजूला जे उरले ते गेली पाच वर्षं एक दिवसाआड रेझरनं स्वतःच उतरवतो. आमच्या मोजण्या शेतं रिकामी असताना, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. दहाला बांधावर उभं राहायचं ते तीनपर्यंत. गेल्या मेमध्ये टाळूची सालपटं निघाली. कॅप घातली तर आत डोकं उकडतं आणि कान भाजायचे ते भाजतातच. मुलीनं सनस्क्रीन आणून दिली, ती घामाबरोबर डोळ्यांत उतरली. मोजणीच्या यंत्राच्या, रोव्हरच्या, पडद्यावरचे आकडे दिसेनात, आणि सोबतचे हसले, 'साहेबांनी गच्चीला चुना मारला'. आई म्हणते खोबरेल चोळ. साडू म्हणतो लिंबू चोळ, केसही येतील. मी रंगानं चांगलाच सावळा आहे, आमच्यासारख्यांना ही थेरं लागतात का? टोपी की मलम, एक काय ते सांगा. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि हो, टाळूवर डाव्या बाजूला एक खरखरीत ठिपका आहे, रेझर अडकला की तिथून रक्त येतं. दोन महिने झाले असतील.
एक भूकरमापक"

भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'आणि हो' म्हणून शेवटी टाकलंय. पस्तीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा होतो, त्यामुळे ही तऱ्हा ओळखीची आहे. माणूस खोकल्याचं औषध घेतो, पैसे देतो, सुटे मोजतो, पायरी उतरतो आणि मग मागं वळून विचारतो, "बरं, ते शौचाला रक्त पडतं, त्याला काही आहे का?"

तेव्हा आधी ठिपका. मी औषधविक्रेता, डॉक्टर नाही, आणि पत्रावरून कुणालाच सांगता येणार नाही तो काय आहे ते. साधा चामखीळ असेल, वयाबरोबर येणारा निरुपद्रवी डाग असेल, किंवा रेझरनं पुन्हा पुन्हा खपली काढल्यामुळे न भरणारी जखम असेल. पण वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या उघड्या टाळूवर सँडपेपरसारखा खरखरीत लागणारा, डोळ्यांपेक्षा बोटालाच जास्त कळणारा एक डाग येतो. उन्हानं तिथल्या पेशी बिघडल्याची ती खूण असते, आणि असे काही डाग पुढे कर्करोगाकडे वळू शकतात. वेळेत दाखवला तर उपाय फार मोठा नसतो. बरेचदा द्रवरूप नायट्रोजननं गोठवून टाकतात, दवाखान्यातल्या दवाखान्यात. शंका वाटली तर तेवढी जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला पाठवतात. तीन-चार आठवड्यांत न भरणारी, पुन्हा पुन्हा रक्त येणारी कुठलीही जागा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायची, एवढा नियम लक्षात ठेवा. तुमचे दोन महिने झालेत. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढा किंवा खाजगी डॉक्टरकडे जा, पण या आठवड्यात जा. तोवर त्या जागेवरून रेझर फिरवू नका. चार केस राहिले तर राहू द्या.

आता रंगाचं. तुम्ही म्हणता तसं, सावळ्या कातडीला निसर्गानं छत्री दिलेली आहे. मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य काही किरण स्वतःवर झेलतं, आणि म्हणूनच गोऱ्या युरोपीय माणसांच्या तुलनेत आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी दिसतो. सनस्क्रीनच्या जाहिराती हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. पण ती छत्री झिरझिरीत आहे. तुमच्या टाळूची सालपटं निघाली म्हणजे किरण तिच्यातून आत आले. दुसरं असं की काळ्या कातडीवरचं भाजणं चटकन लाल दिसत नाही. गोरा माणूस आरशात पाहून घाबरतो. आपण रात्री उशीला डोकं टेकवतो तेव्हा कळतं. ज्यांच्या डोक्यावर कोडाचा पांढरा डाग आहे त्यांच्या त्या डागापुरती तर ही छत्रीसुद्धा नसते.

तुमच्या सोबत्यांनी गच्चीची जी उपमा दिली ती त्यांना वाटते त्यापेक्षा जास्त चपखल आहे. उन्हात उभ्या माणसाचा चेहरा, छाती, पाठ या सगळ्या भिंती. भर दुपारचं ऊन भिंतींवर तिरकं घसरतं. आडवी अशी एकच जागा, टाळू. ती गच्ची. आपला अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या नेमका डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. अकोल्याला तो 23 मेच्या आसपास पडतो, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, म्हणजे तुमच्या मोजणीच्या ऐन हंगामात. काठी रोवली तर सावली काठीच्या बुडातच गडप होते. केसवाल्यांच्या गच्चीवर गवत असतं, तुमची-माझी उघडी. (होय, माझीही. तिसाव्या वर्षापासून.)

इथं एक गैरसमज आहे, आणि तो मी स्वतः चांगला पोसला होता. आपण ऊन मोजतो ते चटक्यावरून. पण चटका देणारी उष्णता आणि कातडी जाळणारे अतिनील किरण यांचं वेळापत्रक एक नाही. किरणांचा जोर असतो सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे बारा ते एक. पारा मात्र चढत जाऊन तीनच्या आसपास टोकाला पोचतो. म्हणून 'अजून तापलं नाही, एवढी मोजणी उरकून घेऊ' म्हणत तुम्ही बारा वाजता उघड्या डोक्यानं उभे राहता, तेव्हाच टाळूवर सगळ्यात जास्त मारा चालू असतो. गार हवा तर आणखी फसवी. मी एका मे महिन्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावावर दोन तास नावेत बसलो होतो. वारा असा गार की बायकोनं शाल पांघरलेली. टोपी खोलीवर. रात्री डोक्याला उशी सहन होईना, पालथा झोपलो, आणि घरी येईपर्यंत टाळूवर पापुद्रे. उंचीवर हवा विरळ. दर हजार मीटरला हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे हे मला शाळेपासून पाठ होतं, उपयोग शून्य. लेह-लडाखला जाणाऱ्या टकल्या मंडळींनी तर बर्फाचाही हिशेब धरावा, ताजा बर्फ खालून किरण परत फेकतो.

घड्याळ नसेल तर तुमची सावली पाहा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर डोकं झाकलेलं हवं. सावली मोजणं तुम्हाला मी काय शिकवणार.

टोपी की मलम? झक्कत दोन्ही, पण बरोबरीनं नाही. तुमच्यासारख्या पाच तास बांधावर उभ्या असणाऱ्या माणसासाठी कापड आधी. कापड घामानं वाहून डोळ्यांत येत नाही, दर दोन तासांनी परत लावावं लागत नाही, आणि एकदा घेतलं की दोन उन्हाळे पुरतं. फक्त कोणतं, ते पाहून घ्या.

तुमच्याजवळ आहे ती क्रिकेटवाली कॅप असणार. ती चेहऱ्यासाठी चांगली. कान आणि मान तिच्या हिशेबात नाहीत, आणि मागं पट्टी आवळायची जी अर्धगोल फट असते तिच्यातून टक्कलवाल्याच्या डोक्यावर नेमका अर्धचंद्र भाजतो. जाळीची कॅप असेल तर अख्खं डोकंच मधाच्या पोळ्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं. सायकलवाल्यांच्या हेल्मेटच्या झरोक्यांनी डोक्यावर पट्टे उठलेले मी पाहिलेत. गांधी टोपी टाळूपुरती ठीक, बाकी कान-मान उघडेच.

कापड किती किरण अडवतं यालाही मोजमाप आहे. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचं ते पाच ते आठच्या घरात असतं, म्हणजे पाचवा ते आठवा हिस्सा किरण आरपार. ओलं झालं की आणखी कमी. घरच्या घरी पाहायचं तर कापड उजेडाकडे धरा. पलीकडचं जेवढं दिसतं तेवढं ऊन आत येणार. म्हणून विणीनं घट्ट आणि थोड्या गडद रंगाचं कापड चांगलं. गडद कापड तापतं, हे खरं. पण टोपी डोक्याला चिकटून न बसता मध्ये हवा खेळती राहिली तर त्याचा फारसा त्रास होत नाही. तुमचं डोकं उकडतं ते टोपीमुळे नाही, कवटीला घट्ट चिकटलेल्या टोपीमुळे. चारी बाजूंनी तीन इंच काठ असलेली, वरून जराशी उंच, हनुवटीखाली नाडी असलेली सुती हॅट घ्या. नाडी नसेल तर वाऱ्याला ती धुऱ्यापलीकडे जाईल आणि मोजणी सोडून तिच्यामागे पळणाऱ्या साहेबांचं चित्र गावात वर्षभर फिरेल.

आणि हॅटची लाज वाटत असेल तर तुमच्या वऱ्हाडात त्याहून जुना, पक्का इलाज आहेच. दुपट्टा. चार पदरी दुपट्टा डोक्याला असा गुंडाळायचा की कान झाकले जातील आणि शेव मानेवर सुटेल. फेटा, मुंडासं, पटका, सगळ्यांत शहाणपण एकच, थरावर थर. एक पातळ पदर जे अडवत नाही ते चार पदर अडवतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो दुपट्टा ओला करून बांधला तर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या जे करतात तेच डोक्यावर होतं, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. ओल्या कापडातून किरण जास्त जातात, तेव्हा पदर एक जास्त घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही, तिथं ओलं फडकं नुसतं ओलंच राहतं आणि खाली घामोळं उठतं. तिकडच्या वाचकांनी कोरडं, सैल झाकावं.

मोटरसायकलवरून शिवारात जाताना हेल्मेट असतंच, त्याच्या आड किरण येत नाहीत. आत पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. तुळतुळीत डोक्याचा घाम शोषायला केस नसतात, तो सगळा हेल्मेटच्या स्पंजात मुरतो, आणि मग पुरळ येतं.

मलमाचं काम त्यानंतर सुरू होतं. जे कापडानं झाकलं जात नाही ते, म्हणजे कानांच्या पाळ्या आणि त्यांचा वरचा काठ (हा सगळे विसरतात), मान, नाक, गाल. आणि ज्या दिवशी टोपी घालणं शक्यच नाही, लग्नात, अंत्ययात्रेत, साहेबांसमोर, त्या दिवशी टाळूही. नळीवर दोन गोष्टी पाहायच्या. एसपीएफ 30 किंवा 50. हा आकडा मुख्यतः कातडी भाजणाऱ्या किरणांबद्दल असतो. 30 चं मलम त्यांतले साधारण 97 टक्के अडवतं, 50 चं 98, त्यामुळे 50 च्या पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. दुसरं, 'पीए' पुढे अधिकची चिन्हं किती आहेत. खोलवर जाणाऱ्या, काळे डाग पाडणाऱ्या किरणांचा तो हिशेब, तीन तरी असावीत. घामात काम असल्यानं पाण्यात टिकणारं, असं लिहिलेलं घ्या. क्रीमऐवजी जेल. टाळूला स्वतःचं तेल भरपूर असतं, त्यावर क्रीम चोपडलं की उन्हात डोकं पितळी तांब्यासारखं चमकतं.

पण ते टक्के खरे होतात ते पुरेसं लावलं तर. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं एका डोक्याला लागतं. चेहरा-मानेला तेवढंच वेगळं. नुसत्या डोक्याला दिवसातून दोनदा असं लावलं तर 50 ग्रॅमची नळी तीन आठवड्यांत संपली पाहिजे. दुकानात मला लोक अभिमानानं सांगायचे, "काका, ती नळी वर्षभर पुरली." पुरली, कारण लावलीच नव्हती. महिन्याला दोन-दोन नळ्या परवडत नाहीत ना? म्हणूनच मघाशी कापड आधी म्हणालो.

डोळ्यांत उतरण्याचा उपाय सोपा आहे. घराबाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावून बसू द्या, बांधावर उभं राहून नाही. भुवयांच्या वर दोन बोटं जागा जेल न लावता सोडा, तिथं झिंक ऑक्साइडची कांडी फिरवा. ती घामात सहसा वाहत नाही आणि डोळ्यांना चुरचुरतही नाही. कपाळाला सुती पट्टी बांधली तर आणखी बरं. घाम टिपायचा, पुसायचा नाही. पुसला की मलम रुमालाला. दोन तासांनी परत. आणि नळी गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात तिथं औषध शिजतं.

झिंकची कांडी पांढरी दिसते. तुमचे सोबती पुन्हा चुना म्हणतील, आणि ते चूक नाहीत. गच्चीला चुना मारतो तो ऊन परतवायलाच. झिंकही पांढरा थर होऊन कातडीवर बसतो आणि किरण अडवतो.

खोबरेलाबद्दल आईला दुखवू नका, रात्री लावा. सालपटं निघालेल्या, रेझरनं कोरड्या झालेल्या टाळूला ते चांगलंच. उन्हात मात्र त्याचा आडोसा नावापुरता. लिंबू साफ बंद. साडूंना सांगा, लिंबाच्या रसात असं काही द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि मागं काळे डाग राहतात, कधी कधी काही महिने. उन्हाळ्यात बाहेर बसून सरबत करणाऱ्यांच्या हातांवर असे डाग पडतात. केस काही येणार नाहीत, डोकं मात्र चितळासारखं होईल.

रक्तदाबाच्या गोळीचं बरं केलंत सांगितलंत. दोन औषधं एकत्र असलेल्या पुष्कळ जोडगोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड नावाचं औषध असतं, नावाच्या शेवटी बहुधा 'एच' किंवा 'एचटी' लिहिलेलं. त्यानं काहींची कातडी उन्हाला जास्त नाजूक होते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही तसंच. पाकीट घेऊन डॉक्टरांना विचारा, बदलता येत असेल तर ते बदलतील. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, टाळू भाजला तर सालपट जातं, रक्तदाब चढला तर माणूस जातो.

रेझर सकाळी नको, रात्री फिरवा. केसांबरोबर कातडीचा वरचा बारीक थरही निघतो. तो सावरायला रात्र मिळू द्या. नंतर तुरटी किंवा स्पिरिटचा झोंबणारा लोशन लावून लगेच उन्हात जाऊ नका. मोजणीच्या हंगामात रेझरऐवजी शून्य नंबरची मशीन चालवली तर मला जास्त आवडेल.

यंदा तरीही भाजलंच, तर गार पाण्याचं फडकं, कॅलामाइन, भरपूर पाणी. बर्फ थेट नाही, टूथपेस्ट तर नाहीच. फोड आला तर फोडायचा नाही, सालपट ओढायचं नाही. पण डोकं गरगरतंय, उलटी होतेय, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापून घाम थांबला, तर ते कातडीचं दुखणं राहिलेलं नाही. ते ऊन लागणं. सावलीत आडवा करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. तुमच्या हाताखालच्या मोजणी मजुरांसाठीही हे ध्यानात ठेवा. त्यांना हॅट कोणी आणून देत नाही.

पाऊस सुरू झाला की टोपी खुंटीला अडकवू नका. पातळ ढगांतून बरेचसे किरण खाली येतात, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुसऱ्यांदा अकोल्याच्या डोक्यावरून जातो. आभाळ भरलेलं असतं म्हणून कोणी काठी रोवून पाहत नाही, इतकंच.

ठिपक्याचं डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत कळवा. आणि ज्यानं चुन्याचा विनोद केला त्याची कॅप मागून फटीची आहे का बघा. केस विरळ झाले असतील तर टोपी काढायला लावून मागून मोबाइलवर एक फोटो काढून त्याला दाखवा.

तुमचा,
काका